व्हॅनचा फ्युएल पंप घरीच बदलायचा आहे, अनुभवी मंडळींनी सांगा (सोलापूर)

कडक_भाकरी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला द्यावा असं मला वाटत नाही.

घरची सात सीटर पेट्रोल व्हॅन आहे, २०१३ ची, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. आई, अण्णा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन पोरं एकदम कुठं जायचं तर हीच गाडी. महिन्यातून एका गुरुवारी आईला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला न्यायचं, हा आमच्या घरचा नेम.

मागच्या गुरुवारी कुंभारी ओलांडली आणि गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. पिकअप गेलं, मग बंदच. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय पण उचलत नाही. लिंबाच्या झाडाखाली अर्धा तास थांबलो, परत चालू झाली. वळसंगच्या अलीकडं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र चालू झालीच नाही. दुपारचे दोन, डोक्यावर ऊन, आईला शुगर. एका टेम्पोवाल्यानं टोचन करून आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

ओळखीच्या गॅरेजला दाखवली. बॉनेट न उघडताच सांगितलं, “पंप गेला, टाकी उतरवायला लागती, अख्खं असेंब्ली बदलू.” मजुरीसकट ११ हजार. दुसरीकडं विचारलं तर म्हणे नुसती मोटर टाकून देतो, ३ हजारात. दोघांच्या आकड्यात एवढा फरक का, ते दोघांनीही सांगितलं नाही.

प्लग, ब्रेक पॅड, क्लच केबल, कूलंट ही कामं मी घरी केलेली आहेत. पंप कधी केला नाही. माझा प्रश्न पैशाचा आहेच, पण आईला घेऊन रस्त्यावर थांबायची वेळ परत येऊ नये हा जास्त आहे. गाडीत नक्की काय बिघडलंय ते मला स्वतःला कळायला हवं. जुळे सोलापूरला घरासमोर मोकळा प्लॉट आहे. रविवारी करावं म्हणतो. काय काय तयारी लागेल?

पाना_१०_१२

मालक, रविवार लांब आहे, आधी चार गोष्टी तपासा. पंप टाकीत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला. नुसत्या संशयावर टाकी उतरवू नका.

पहिलं म्हणजे कान लावा. सकाळी गाडी गार असताना चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या बाजूनं दोन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज यायला पाहिजे. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंपाला दोनच सेकंद करंट देतो, लाईनीत प्रेशर भरायला. इंजिन फिरलं नाही तर बंद करतो. मध्ये पोरगा गोंगाट करत असेल तर आवाज कळत नाही, म्हणून मागच्या सीटवर कुणालातरी बसवा.

आवाज नाही आला तर फ्यूज बघा, मग रिले (पंपाला करंट सोडणारा स्विच). रिलेच्या डब्यात हॉर्नचा किंवा फॅनचा रिले बहुतेक त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघा. फुकटातली तपासणी आहे, पण लोक हीच विसरतात.

आवाज येतोय तरी गाडी उचलत नाही, तर प्रेशर मोजा. असल्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३ बार लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात बघा. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, गेज पीएसआयचा असला तर गोंधळू नका. गेज विकत घ्यायची गरज नाही, कुणाकडून तरी मागून आणा.

अजून एक जुनी युक्ती. गाडी गरम होऊन बंद पडली की टाकीच्या बुडाला रबरी हातोडीनं हलकेच दोन टोले द्या. चालू झाली तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. गरम झाल्यावर ब्रश नीट टेकत नाहीत, गार झाले की टेकतात. तुमची लक्षणं मला तरी तशीच वाटतायत.

चाटी_गल्ली

एक सांगतो. माझ्या गाडीला हेच होत होतं, गरम झाली की बंद, गार झाली की चालू. पंप बदलला, काही फरक नाही. शेवटी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) निघाला. स्पार्क येतोय का तेही बघून घ्या. पंपाचे पैसे माझे वाया गेले.

निवृत्त_फायरमन

कडक_भाकरी, तुम्ही प्रामाणिकपणे विचारताय म्हणून स्पष्ट लिहितो. माझा पहिला सल्ला आहे, करू नका. तरी करणार असाल तर पुढचं शब्दशः पाळा.

पेट्रोल हे द्रव म्हणून पेटत नाही, त्याची वाफ पेटते. शून्याखाली चाळीस अंशांना सुद्धा पेटण्याइतकी वाफ त्यातून निघते, मग सोलापूरच्या ४२ अंशांत काय होत असेल त्याचा विचार करा. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी वाहत जाते, खड्ड्यात साचते. आठ-दहा फुटांवर कुणाच्या बाथरूमात गॅस गीझर चालू असला तर वाफ तिथवर पोचते आणि ज्योत तिच्यावरून उलटी तुमच्यापर्यंत येते. म्हणून बंद पार्किंग नाही, गाळा नाही, पिट (गाडीखाली शिरायचा खड्डा) तर अजिबात नाही. मोकळा प्लॉट, आणि तोही पहाटे.

दिव्याची पिवळी वायर ओढून बल्ब लावणारे मी पाहिले आहेत. बल्ब फुटला की संपलं. उजेड नसेल तर काम करू नका. मोबाईल खिशात नको. नायलॉनची पँट नको, सुती घाला. टाकीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरते. पेट्रोल काढायला पाण्याचा प्लास्टिक कॅन नको, पत्र्याचा घ्या. भरताना तो जमिनीवर ठेवा, गाडीत ठेवून भरू नका. तोंडानं नळीतून ओढू नका, फुप्फुसात गेलं तर हॉस्पिटलात भरती व्हावं लागतं.

जवळ आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर ठेवा, घरात स्वयंपाकघरासाठी घेतलेलं असेल ते चालेल, काटा हिरव्यात आहे का बघा. शिवाय दोन बादल्या कोरडी वाळू. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतायचं नाही, आग पाण्यावर तरंगत पसरते.

आणि एकट्यानं करू नका. दुसरा माणूस उभा पाहिजे, त्याला दुसरं काम द्यायचं नाही.

सातरस्ता

@निवृत्त_फायरमन, काका, पूर्ण सहमत. पण मग गॅरेजमध्ये तरी कुठं हे पाळतात? मी माझी टाकी उतरवताना बघितली. शेजारी वेल्डिंग चालू होतं. मला वाटतं, घरी काळजीनं केलेलं काम त्यापेक्षा सुरक्षित.

निवृत्त_फायरमन

तिथं पाळत नाहीत हे खरं आहे, आणि मला त्याचा राग येतो. म्हणूनच वर सगळं लिहिलं.

कडक_भाकरी

सगळ्यांचे आभार. तपासण्या केल्या.

आवाज येतो पण बारीक आणि घसरल्यासारखा. रिले बदलून पाहिला, फरक नाही. स्पार्क व्यवस्थित आहे, चाटी_गल्ली यांनी सांगितलं म्हणून गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच बघितला. विजापूर रोडच्या एका मित्रानं प्रेशर गेज दिला. गार असताना १.९ बार, विसेक मिनिटं चालवल्यावर १.४ आणि तिथंच बंद. रबरी हातोडीनं टोले दिले आणि मालक, खरंच चालू झाली! म्हणजे पंपच.

पाना_१०_१२

पंप दुबळा आहे यात शंका नाही. पण पंपाच्या कप्लरवर (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडावर) व्होल्टेज किती येतंय ते बघितलं का? टाकी बंद असतानाच बघा, चेसिसवर वायरिंगचा जो जोड आहे तिथं. कप्लर उघडून त्याच्या पिना कशा दिसतात तेही सांगा. हे चुकवू नका.

कडक_भाकरी

बघतो. आता सुटं सामान आणायच्या गडबडीत आहे.

ऊसवाला_माढा

या धाग्यावर एक बोलायचं होतं. हल्ली सगळे म्हणतात पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं पंप जातात. आम्ही ऊस पिकवतो, जिल्ह्यात एवढे कारखाने, इथेनॉलला भाव मिळतो म्हणून आमची बिलं जरा लवकर निघतात. त्यामुळं मनापासून विचारतो, यात तथ्य किती?

पाना_१०_१२

@ऊसवाला_माढा, दादा, दोन्ही बाजू सांगतो. २० टक्के मिसळ २०३० सालापर्यंत करायची होती, ती २०२५ वर आणली. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर, सील, पाईप या पेट्रोलला चालतील असे दिले आहेत. २०१३ ची गाडी त्याच्या आधीची. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, कडक होतं. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना साठलेला गाळ सोडवतं आणि तो येऊन पंपाच्या जाळीला बसतो. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतं, नेमकं जिथून पंप ओढतो तिथं. ॲव्हरेजही थोडं कमी मिळणार, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

पण गेलेला प्रत्येक पंप इथेनॉलच्या माथी मारणं बरोबर नाही. माझ्या हातून गेलेल्या पंपांपैकी बरेचसे रिझर्व्हवर गाडी चालवल्यानं गेलेत. पंपाला गार ठेवणारं दुसरं काही नाही, भोवतालचं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. टाकी तळाला असली की मोटर उघडी पडते, तापते.

शेंगाचटणी

हे रिझर्व्हचं मला माहीतच नव्हतं. आमच्याकडं दोनशे-तीनशेचंच पेट्रोल टाकायची सवय, काटा कायम लाल रेषेवर. मिस्टरांना हा प्रतिसाद वाचायला दिला. किती ठेवावं निदान?

पाना_१०_१२

ताई, पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच. एकदा जास्तीचं टाकायला लागेल तेवढंच, नंतर खर्च तोच.

कडक_भाकरी

झालं मंडळी! काल केलं. फोटो टाकता आले नाहीत, मोबाईल फायरमन काकांच्या सांगण्यावरून घरातच ठेवला होता. त्यामुळं लिहूनच सांगतो.

पहाटे साडेपाचला गाडी ढकलत प्लॉटमध्ये नेली. अण्णा सिलिंडर आणि वाळूच्या बादल्यांपाशी खुर्ची टाकून बसले, शेवटपर्यंत उठले नाहीत. शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यांनी सकाळचा गॅस गीझर लावला नाही.

लाईनीतलं प्रेशर आदल्या रात्रीच काढलं होतं. पंपाचा रिले उपटून गाडी चालू केली, लाईनीत उरलेल्या पेट्रोलवर काही सेकंद चालली आणि आपोआप बंद पडली. नंतर दोनदा सेल्फ मारला, मग बॅटरीची मायनस काढून ठेवली. हे न करता पाईप सोडला असता तर तोंडावर फवारा आला असता.

टाकीत १४ लिटर होतं, हाताच्या पंपानं पत्र्याच्या कॅनमध्ये काढलं. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दहा किलो वजन कमी झालं आणि टाकी एका माणसाला पेलण्यासारखी झाली. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, नुसत्या जॅकवर नाही. टाकीखाली फळी टाकून जॅक लावला. पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारत होतो, म्हणून निघाले. एक मात्र अडला, त्याला पाऊण तास गेला. ग्राइंडर लावायचा मोह झाला होता, पण ठिणगीचा विचार करून लांब पाईप घातलेल्या पान्यानंच सोडवला.

टाकी एकदम खाली घेऊ नका. चार-पाच इंच उतरवून वरचे पाईप आणि कप्लर आधी सोडवायचे, नाहीतर तुटतात.

टाकीच्या पाठीवर बोटभर काळी माती बसलेली होती. पंप उघडण्याआधी ती ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं पुसून काढली, यात अर्धा तास गेला. हे टाळलं असतं तर सगळी माती आत पडली असती. पंपाची लॉक रिंग लाकडाच्या गुट्ट्यानं ठोकून फिरवली. कोणत्या खुणेला कोणती खूण होती ते खडूनं आखून घेतलं. पंप बाहेर काढताना तिरका करायला लागतो, फ्लोटची दांडी वाकली तर काटा पुढं कायम खोटं दाखवणार.

आणि ती जाळी! हातात घेतली तर पांढरी असायची ती चॉकलेटी झालेली. बोटांनी चोळली तर मुलतानी मातीसारखा गुळगुळीत गाळ आला, त्यात गंजाचे बारीक कण चमकत होते. पंप बिचारा या चिखलातून पेट्रोल ओढत होता.

असेंब्लीचा सांगाडा, फ्लोट, रेग्युलेटर ठीक होते. म्हणून मोटर, जाळी, आतला पाईप आणि ओ-रिंग (रबरी सील) एवढंच नवीन टाकलं. आतला पाईप साधा घेऊ नका, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा वेगळा मिळतो. साधा बाहेरून फुगतो, फाटतो. जुनी ओ-रिंग तर परत बसवायचीच नाही, ती बाहेर काढली की फुगून मोठी होते, खाचेत बसतच नाही. टाकीचा तळ उरलेल्या लिटरभर पेट्रोलनं खंगाळून काढला. काढलेलं १४ लिटर निवळू देऊन, तळातलं अर्धा लिटर बाजूला ठेवून, कापडातून गाळून परत भरलं.

बसवल्यावर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ केली, सेल्फ न मारता, आणि प्रत्येक जोडाला कोरडं फडकं लावून बघितलं. ओल नाही. मग सेल्फ. अर्ध्या सेल्फला उचलली.

सव्वादहा वाजले होते. आईनं गरम भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली, हात तीनदा धुतले तरी पेट्रोलचा वास घासाला येत होता.

आता अडचण. प्रेशर २.४ बारच मिळतंय. नवीन मोटर, नवीन जाळी, तरी ३ नाही. मोटर डुप्लिकेट लागली का?

सातरस्ता

अभिनंदन! वाचनखूण साठवली. मोटर परत द्या, बदलून मागा.

पाना_१०_१२

थांबा, परत देऊ नका. मी व्होल्टेज विचारलं होतं, त्याचं उत्तर आलेलं नाही. आता मोजा. चेसिसवरच्या जोडाशी, टाकी बंद, पंप चालू ठेवून. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी पंपाच्या काळ्या वायरला. पाव व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ (चेसिसला जाणारी मायनसची वायर) खराब.

कडक_भाकरी

मालक, तुमचे पाय धरायला पाहिजेत.

बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपाच्या कप्लरवर १०.१. प्लसच्या वायरीत ०.३ जातंय आणि अर्थच्या वायरीत २ व्होल्ट! कप्लरची काळी पिन तपकिरी झालेली, भोवतीचं प्लास्टिक वितळून पिवळं. वायर हातानं चाचपत गेलो तर मधे एक जोड सापडला. आधी कधीतरी कुणीतरी नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला. टेप सोडवली तर आत तांबं हिरवं पडलेलं. चेसिसचा अर्थचा बोल्ट तर चिखलाखाली दिसतच नव्हता.

पाना_१०_१२

हेच. पंप पाचेक अँपिअर ओढतो. २ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे १० वॅट, नंबरप्लेटच्या दोन बल्बांएवढी उष्णता त्या एका पिळात. उन्हाळ्यात बाहेरचा पत्रा तापला, जोड तापला, रेझिस्टन्स अजून वाढला, पंपाला करंट अजून कमी. जुनी मोटर अपुऱ्या व्होल्टेजवर, गाळ ओढत, कशीबशी चालत होती, त्यात ब्रश गेले. नुसती मोटर बदलून सोडलं असतं तर नवीनही वर्ष-दीड वर्षात गेली असती, आणि मग लोक मोटरला नावं ठेवतात. नवीन वायर टाका, सोल्डर करून हिट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, अर्थचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासून बोल्ट कसा आणि वरून ग्रीस. सोल्डरिंग टाकीपासून लांब, वायर बाहेर काढून.

निवृत्त_फायरमन

त्या वितळलेल्या पिनेबद्दल मला सगळ्यांना सांगायचं आहे. गाड्यांना लागणाऱ्या आगी नेहमी पेट्रोल गळूनच लागतात असं नाही. कितीतरी वेळा सुरुवात असल्याच एका पीळ दिलेल्या जोडापासून होते. ज्या कुणी ती टेप गुंडाळली त्याला वाटलं असेल काम भागलं.

कडक_भाकरी

काकांनी सांगितल्यावर पोटात गोळा आला खरा. पोरं त्या जोडाच्या वरच्याच सीटवर बसतात.

जोड केला. कप्लरसकट वायर बदलली. अर्थवर आता ०.०८ व्होल्ट, पंपावर १२ पूर्ण. प्रेशर ३ बार, दुपारी एक वाजता, तासभर चालवूनही तेवढंच.

चाटी_गल्ली

एक नंबर. माझ्या वेळेला हा धागा असता तर!

ऊसवाला_माढा

+१. आमच्या पिकअपची अर्थ आजच बघतो.

कडक_भाकरी

धागा वर काढतोय.

या गुरुवारी अक्कलकोट झालं. आई, आत्या, पोरं सगळे. निघताना टाकी अर्धी भरली. जाता-येता ऐंशी किलोमीटर, ऊन तेवढंच, एसी चालू, एकदाही झटका नाही. येताना वळसंगला मी मुद्दाम गाडी बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी केली. आई म्हणाली, “कशाला रे नसती परीक्षा?” पण मला बघायचंच होतं. पहिल्या सेल्फला चालू. तो टेम्पोवाला मात्र दिसला नाही. त्या रस्त्यानं नेहमी जाणारं कुणी इथं असेल तर सांगा, निळा टेम्पो, मागं टॉवेलचे गठ्ठे होते.

हुरडा_पार्टी

आत्ताच वाचला धागा. माझी पण दुपारी बंद पडते, गार झाली की चालू. थेट मोटर मागवू का?

कडक_भाकरी

नका मागवू. आधी मीटर आणि गेज लावा. मित्राचा गेज रविवारपर्यंत माझ्याकडंच आहे, त्याला विचारून ठेवलंय. जुळे सोलापूरला या, सकाळी आठच्या आत, ऊन चढायच्या आधी मोजून टाकू. येताना टाकीत पेट्रोल असू द्या.